बारा वाव वायर

०००१ मी.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत केबलचा एक गाळा आहे. तिथल्या काउंटरवर हल्ली पाटी असते : ‘माल दाताने तपासू नये.’ ही पाटी सुबोध धुरींमुळे लागली.

धुरी चौतीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात वायरमन होते. खिशात पक्कड असली तरी वायर दातानेच सोलायची, ही त्यांच्या पिढीची रीत. समोरच्या दोन दातांना त्यामुळे बारीक खाच पडली होती आणि धुरींना तिचा पेन्शनपेक्षा जास्त अभिमान होता. सोललेल्या तांब्याची चव जिभेला कळते, चवीवरून माल कळतो, असं ते सांगत. त्यांची बायको नलिनी सांगे की याच जिभेला आमटीत मीठ नसलेलं कळत नाही.

त्या जुलैत ते मरोळला गेले ते बोटीसाठी वायर घ्यायला. बोट भाच्याची. सर्वेश हा धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा, एकुलता एक मुलगा. गोराईच्या खाडीत त्याची लहानशी मासेमारीची बोट होती. तिचं वायरिंग आदल्या वर्षी धुरींनीच केलं होतं. प्रेमाने, फुकट आणि घरी उरलेल्या वायरीने. भिंतीत ही वायर चाळीस वर्षं टिकते, असं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. बोटीत ती सात महिने टिकली. खाऱ्या हवेने आतल्या तांब्याची हिरवी भुकटी झाली, जानेवारीत भर समुद्रात सगळे दिवे गेले, आणि मोबाइलचा टॉर्च हलवत बसलेल्या सर्वेशच्या इतक्या जवळून एक मालवाहू जहाज गेलं की जहाजावरच्या फोडणीचा वास त्याला आला.

सुगंधा भावावर रागावली नाही. ते जास्त वाईट होतं. त्यांना भात वाढताना ती एवढंच म्हणाली, “दादा, तुझो हात घरातच बरो. दिवे धड पेटल्याशिवाय माझो झील त्या होडयेर पाय ठेवचो नाय.”

मासेमारीची बंदी एक ऑगस्टला उठणार होती. तोवर बोट उजळली नाही तर पोराचा हंगाम बुडणार. आणि उजळून समुद्रात पुन्हा विझली तर, हे वाक्य धुरी मनातसुद्धा पुरं करत नसत. म्हणून या वेळी त्यांना घरातलं काही नको होतं, त्यांना हवी होती

०००४ मी.

मरीन ग्रेडची, म्हणजे खास बोटीसाठी बनवलेली वायर.

पहिल्या दुकानात साध्याच वायरवर निळ्या नांगराचा स्टिकर होता. धुरींनी चावली. आत लालभडक तांबं. दुसऱ्या दुकानात नांगर मोठा होता, बाकी सगळं तेच. तिसरा गाळा जयाचा.

जया तिशीतली, बोलायला फटकळ. तिने एका दमात सांगून टाकलं की बोटीच्या वायरीत तांब्याच्या प्रत्येक तारेला कथिलाचा मुलामा असतो, म्हणून ती हिरवी पडत नाही. तारा केसासारख्या बारीक असतात, म्हणून इंजिनाच्या धडधडीने तुटत नाहीत. आणि वरच्या आवरणाला मीठ चालतं, डिझेल चालतं, ऊन चालतं. धुरी हे सगळं बारशापासून माहीत असल्यासारखी मान डोलावत होते. मग तिने विचारलं, किती मीटर?

धुरी म्हणाले, बारा वाव.

बोटवाले मीटर मोजत नाहीत. दोन्ही हात आडवे पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. सर्वेशने बोट तशीच मोजली होती.

“कुणाचे हात, काका?” जयाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. सर्वेश सहा फूट, धुरी पाच फूट तीन. तरी ते गाळ्यात हात पसरून उभे राहिले. मागून हातगाडीवाला ओरडला, तेव्हा बाजूला झाले आणि सर्वेशला फोन लावून म्हणाले की आहेस तिथे हात पसर आणि कुणाला तरी मोजायला सांग. सर्वेश स्कूटरवर होता. “मामा, आत्ता हात पसरले तर वायर लागणारच नाही,” तो म्हणाला.

जयाने वाद मिटवला. मागच्या मांडणीवरून तिने एक काळं बंडल ओढून आणलं. त्याच्या अंगावर मीटरगणिक आकडा छापलेला होता, कंपनीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. अख्खं न्या, म्हणाली, कमी पडणार नाही. मग थोडं थांबून, माणूस प्रामाणिक असल्यामुळे, तिने सांगितलं की हे बंडल तीनदा विकलं गेलं आणि तीनदा परत आलं.

“तक्रार काय?”

“काहीच नाही. शटरपाशी ठेवून जातात. पैसेसुद्धा मागत नाहीत.”

मुंबईत माल परत करून पैसे न मागणारा माणूस धुरींनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. तिथेच त्यांनी उठायला हवं होतं. पण तोवर त्यांनी वायर चावली होती. आत चांदीसारख्या पांढऱ्या, केसासारख्या तारा. माल देखणा होता. चव मात्र खारट होती. चौपाटीवर लाटेचं पाणी नाकातोंडात जातं, तशी.

मरीन म्हटल्यावर असेल थोडं मीठ, असं धुरींनी स्वतःला समजावलं आणि बंडल खांद्यावर टाकून ते रिक्षाने

००१९ मी.

चारकोपला घरी आले.

बंडल आणलं की आधी त्याची दोन्ही टोकं शोधायची, दोन टोकांना मल्टिमीटर लावायचं, शिट्टी वाजली की वायर आत कुठे तुटलेली नाही. हा वायरमनचा ‘श्रीगणेशा’ आहे. बाहेरचं टोक धुरींना लगेच मिळालं, कारण त्यावर त्यांचेच दात उमटले होते. आतलं मिळेना. संध्याकाळ झाली. त्यांनी वायर सोडवत सोडवत सोफ्याभोवती नेली, स्वयंपाकघरातून फिरवून आणली, जिन्यात उतरवली. अंगावरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. बंडल होतं तेवढंच होतं.

“अहो, कपाळावर चष्मा असतो आणि घरभर शोधता तुम्ही,” नलिनी म्हणाली. तिने स्वतः दहा मिनिटं शोधलं आणि मग पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बंडलाखालची फरशी ओली झाली. त्यानंतर रोजच. चार दिवसांनी इमारतीच्या फळ्यावर कागद लागला :

सूचना. २०४ धुरी यांच्या घरातून १०४ च्या बैठकीच्या खोलीत गळती होत आहे. गळती रोज पाऊण तास उशिरा सुरू होते. सहा तासांनी आपोआप थांबते. प्लंबरच्या मते त्या जागी पाइप नाही. पाणी खारट आहे (सचिवांनी स्वतः तपासले). सभासदांनी घरात समुद्र बाळगू नये. — नाना, सचिव, १०४.

नाना स्वतः वर आले तेव्हा त्यांच्या हातात बादली होती आणि बादलीत एक चिंबोरी. ती आमच्या पंख्यावरून पडली, एवढं सांगून ते धुरींकडे बघत राहिले. धुरींनी त्यांना चहा विचारला. नाना नको म्हणाले, पण चिंबोरी ठेवून गेले.

बंडलाच्या आतल्या वेढ्यांना कालवं धरली होती. नलिनीने ती कोयत्याच्या टोकाने सोडवली आणि धुरी तोंड उघडायच्या आत कालवणात घातली. कालवण फार चांगलं झालं होतं. दोघांनीही पुन्हा भात घेतला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

धुरी शास्त्रीय वृत्तीचे होते. फरशी कधी ओली होते ते त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपायला घेतलं. पावणेअकरा. साडेअकरा. सव्वाबारा. एकतीस जुलैला सर्वेश वायर न्यायला आला, पाणी प्यायला आत गेला आणि कॅलेंडरपाशी थबकला.

“मामा, भरतीच्या वेळा कशाला लिहीत बसलात? माझ्या मोबाइलमध्ये असतात ना.”

धुरी बंडलाकडे वळले. जयाचा फोन दोन दिवस बंद होता, दुसऱ्या कुणाकडे असा माल नव्हता, आणि उद्या एक ऑगस्ट होता. त्यांनी सर्वेशला हात पसरायला लावून बारा वाव मोजल्या आणि कापल्या. या तुकड्याला सरळ दोन टोकं होती. मल्टिमीटरने शिट्टी दिली. तारा पांढऱ्याशुभ्र. बोटीत घालायला यापेक्षा चांगली वायर अख्ख्या मुंबईत नव्हती, याबद्दल धुरींना

००४१ मी.

शंका नव्हती. शंका दुसरीच होती, पण तिला नाव नव्हतं.

एक तारखेला सकाळपासून ते गोराईच्या धक्क्यावर बोटीत वाकून काम करत होते. डोलकाठीवरचा पांढरा दिवा आधी जोडला. तिथून वायर काठीने खाली, कडेने मागे, बॅटरीच्या पेटीपर्यंत आणली. जिथे जिथे वायर वळते तिथे त्यांनी एक सैल वेटोळं ठेवलं, कारण बोट हलते, लाकूड फुगतं, वायरीला जागा लागते. उभ्या आयुष्यात इतकं सुबक काम त्यांनी केलं नव्हतं.

धक्क्यावर सुगंधा हाताची घडी घालून उभी होती. शेजारी डबा होता. दिवा पेटला तर डबा बोटीत जाणार, नाहीतर घरी.

“लागला, मामा,” सर्वेश वरून म्हणाला.

धुरींनी मान वर केली. दुपारच्या उजेडातही दिवा स्वच्छ पेटलेला दिसत होता.

बॅटरीकडचं टोक अजून त्यांच्या हातात होतं.

ते त्यांनी चिमटीत धरून पाहिलं. सोललेलं, मोकळं, कशालाही न लागलेलं. बॅटरी तीन फुटांवर होती, तिच्या दोन्ही खुंट्यांवर कंपनीच्या लाल टोप्या तशाच. धुरींनी सर्वेशला खाली बोलावून हळूच दाखवलं. त्याने टोक पाहिलं, दिवा पाहिला, आणि त्याचा चेहरा उजळला. “झकास. चार्जिंगची कटकट गेली.”

मग ते बहिणीला सांगायला धक्क्यावर चढले. तोंड उघडलं. त्याआधीच ती म्हणाली, “दादा, ह्या वेळेक बरा काम केलंस हां.”

साठ वर्षांत तिने त्यांच्या कामाला बरं म्हटल्याची ही पहिली वेळ. धुरींचं तोंड उघडंच राहिलं. डबा बोटीत गेला.

अडीचच्या भरतीला बोट सुटायची होती. नांगराचा दोर निघाला तसं धुरींनी पक्कड आणि सेलची मोठी बॅटरी पिशवीत टाकली, चपला हातात घेतल्या आणि बोटीत उडी मारली. मी पण येतो, म्हणाले. सुगंधा हसू लागली. गोराईच्या फेरीबोटीतसुद्धा त्यांना उलटी होते, हे सगळ्या घराला माहीत होतं.

त्यांनी ठरवलं होतं ते सोपं होतं. पोर एकटं जाणार नाही. आणि अंधार पडायच्या आत ही वायर

कापायची.

उलट्या तीन झाल्या. पहिली नानांच्या चिंबोरीची असावी.

पाच वाजता सर्वेशने इंजिन बंद केलं आणि तो पुढे जाळं सोडायला बसला. ऊन अजून होतं. बोटीवर दोघंच. धुरी मागच्या पेटीशी सरकले. जोडायचं राहिलेलं टोक पेटीत तसंच मोकळं होतं, आणि वर दिवा पेटलेला.

त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि वायरीचं वेटोळं हाताने चाचपलं.

वेटोळं नव्हतं. वायर ताणून सरळ झाली होती.

त्यांनी काठीकडे पाहिलं. तिथलं वेटोळंही गेलं होतं. वायर वर दिव्यापर्यंत जात होती, आणि दिव्यापाशी कुणी नव्हतं.

“सर्वेश,” ते म्हणाले, “इंजिन बंद आहे ना?”

“कधीचं,” तो मान न वळवता म्हणाला.

गोराईचा किनारा बारीक होत चालला होता. वारा तिकडेच, किनाऱ्याकडे वाहत होता.

धुरींनी वायर डाव्या हातात घट्ट धरली आणि पक्कड उघडली.

कारखान्यात भिंतीतून वायर ओढताना पलीकडचा माणूस दिसत नसे, आणि यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जात नसे. मग टोक हाती आलं की पलीकडून दोन झटके देत. दोन झटके म्हणजे : मिळालं, तू सोड, आता मी ओढतो.

त्यांच्या मुठीत वायर हलली.

एकदा.

आणि मग, ओळखीच्या माणसाने द्यावा तसा, दुसऱ्यांदा.