खिडकीवरचा दुसरा श्वास

अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या आमच्या दवाखान्यात एक नियम आहे. हेरॉइनची तलफ शमवणारे ते लाल, चेरीच्या चवीचे औषध खिडकीपाशीच प्यायचे आणि लगेच नर्सशी काहीतरी बोलायचे; घोट गालात दडवलेला नाही, याचा तो पुरावा. नऊ वर्षांत प्रत्येकाचे वाक्य ठरून गेले होते. मी हवेविषयी बोलत असे. माझ्यामागे रांगेत उभा राहणारा लेलंड म्हणे, "उद्या येतो, ओडेसाबाई. काच पुसून ठेवा."

"आधी तुझं तोंड पूस," नर्स ओडेसा म्हणे.

एप्रिलमध्ये लेलंडने उपचार सोडले. अकरा दिवस तो नशेपासून दूर राहिला. बाराव्या दिवशी त्याने पूर्वीइतकेच हेरॉइन घेतले. तेवढे सोसण्याची सवय शरीराला उरली नव्हती. तो गेला.

जूनमध्ये, एका मंगळवारी, मला प्रथमच सहा दिवसांच्या बाटल्या कुलपाच्या पेटीतून घरी नेऊ दिल्या. त्याच संध्याकाळी एका जुन्या वॉरंटावर मला अटक झाली. तुरुंगात औषध मिळाले नाही. सोमवारी सकाळी सुटलो तेव्हा हाडे ठणकत होती. लेलंडचे मला ठाऊक होते. तथापि त्याने रस्त्यावरचे घेतले, हे तर माझ्या नावाने मोजलेले औषध, ते मला कसे मारील, असा युक्तिवाद मी वाटभर स्वतःशी केला आणि जिंकलो.

खोलीला कुलूप होते. आत चेरीचा वास होता.

पेटीचेही कुलूप शाबूत होते. पहिली बाटली हाताला हलकी लागली. सील तोडले. आत थेंबही नव्हता. उरलेल्या पाच उजेडात धरल्या. सीलबंद, आणि रिकाम्या.

मी पेटी घेऊन दवाखाना गाठला.

"कुणाला विकलंस, एमरी?" ओडेसाने विचारले.

"सील न तोडता विकता आलं असतं, तर मी तुमच्या रांगेत उभा राहिलो असतो का?"

तिने पाचही सीले नखाने तपासली. "तुरुंगात डोस दिला?"

"नाही. सहा दिवस झाले."

"यातली एक जरी प्यायला असतास," ती हळू म्हणाली, "तर आज तुझ्या बहिणीला मला फोन करावा लागला असता."

डॉक्टरांनी मात्रा पाव केली. मी प्यालो. "ऊन बरं आहे आज," म्हणालो.

मागे रांग नव्हती. तरी मागून आवाज आला.

"उद्या येतो, ओडेसाबाई. काच पुसून ठेवा."

ओडेसाचा हात कागदावर थांबला. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

त्याला दोन वर्षे झाली. मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो; या एका उपकारावर घालत नाही. रोज औषध पितो, हवेविषयी बोलतो, मनात लेलंडचे आभार मानतो आणि थोडा डावीकडे सरकतो. माझ्या श्वासाचा ठसा काचेवरून आपोआप विरतो. शेजारचा विरत नाही. तो ओडेसाला पुसावा लागतो.