गाडी काही गार होईना

बसा. आणि तू रे, चष्मेवाल्या, जुनी पळणारी गाडी घ्यायला निघालायस म्हणे? फोटो बघितले? रंग आवडला? शाब्बास. लग्न पण असंच ठरव. गाडी बघायला जाताना पहिलं काय करायचं असतं, माहितेय? टायर? चूक. मीटर? त्याहून चूक. पहिलं बॉनेटवर हात ठेवायचा. गार असलं तर पुढे बोलायचं, गरम असलं तर घरी यायचं. हे मला सांगितलं आमच्या नाक्या मिस्त्रीने. आणि त्याचंच सांगतोय. माझ्या ओळखीतला माणूस, थापा मारायचं त्याला जमत नाही. तेवढी अक्कलच नाही. थापा मारायला मी आहे, पण आज नाही मारत.

नाक्या म्हणायचे, कारण तो इंजिनाचं तेल काडीवर घेऊन हुंगायचा आणि गाडीचं सगळं चरित्र सांगायचा. त्याची मुलगी गाडी शिकवायच्या शाळेत शिकवते. म्हणजे काय करते? दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसते, आणि तिच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो तो दाबत राहते. बारा वर्षं ताशी तीसने चालली बिचारी. तिला हवी होती टर्बोची, दोन दारांची गाडी. रविवारी एकटीने, मोकळ्या रस्त्यावर पळवायला.

तिने चार गाड्या आणल्या. बापाने चारही नाकारल्या. एकीचे टायर आतल्या बाजूने झिजलेले, म्हणजे कधीतरी कुठेतरी ठोकलेली. दुसरीचं एक दार बाकीच्यांपेक्षा अर्धी छटा जास्त पांढरं. तिसरीचं मीटर म्हणे वीस हजार, आणि सीटची कड झिजून आतला फोम बाहेर. चौथीच्या तेलाला पेट्रोलचा वास. सगळी कारणं खरी हं! पण पोरगी वैतागली.

"बाबा, तुम्हाला गाडीतला दोष नको असतो, तुम्हाला गाडीच नको असते."

"अगं, तसं नाही..."

"पाचवी बघून ठेवलीय. कारण सापडलं तर बोट ठेवून दाखवा. नुसतं 'मला बरं वाटत नाही' चालणार नाही. नाही सापडलं तर बुधवारी सकाळी मी गाडी घेतली. आणि यापुढे माझ्या गाडीतलं काही तुम्हाला विचारणार नाही."

बोलून गेली ती. मिस्त्रीला जेवण गेलं नाही.

पाचवी गाडी होती एका दातांच्या डॉक्टरांची. घराला लागून गॅरेज, वर ओढायचं शटर, आत पिवळा दिवा. शनिवारी सकाळी दहाला मिस्त्री गेला. टायर चारही सारखे. दारांच्या फटी सारख्या. तेल हुंगलं तर नवंकोरं. राहिलं काय, तर गार इंजिन चालू करून ऐकणं. मिस्त्री म्हणतो, गार इंजिन चालू होताना दोन सेकंद खरं बोलतं. खडखडलं, निळा धूर सोडला, तर तेव्हाच. एकदा तेल वर चढलं की सगळीच इंजिनं सभ्य.

हात ठेवला बॉनेटवर. गरम.

"डॉक्टर साहेब, मी यायच्या आधी चालू करून ठेवलीत?"

"छे हो! आठवडाभर किल्ली फिरवली नाही."

मिस्त्री गालातल्या गालात हसला. विकणारे सगळे हेच म्हणतात. रविवारी सकाळी सहालाच न सांगता जाऊन उभा. डॉक्टर दात घासत बाहेर आले. हात ठेवला तर गरम. मग जुंपली दोघांची.

"मला काय मूर्ख समजता?"

"अहो मिस्त्री, तुम्ही माझी झोप मोडलीत, वर मलाच खोटं पाडता!"

सोमवारी मिस्त्रीने दोन्ही किल्ल्या मागून घेतल्या. तेवढ्यावर समाधान नाही. बॅटरी सोडवली, खांद्यावर टाकली आणि घरी नेऊन पलंगाखाली ठेवली. बायको म्हणाली, "गाडी लेकीला आणि बॅटरी माझ्या उशाशी? काय वेड लागलंय का?" मिस्त्रीने दिवा मालवला. रात्रभर कूस बदलत राहिला.

मंगळवारी सकाळी गेला. हात ठेवला.

चटका बसला.

हसतोयस काय? तुझ्या मोबाईलची बॅटरी काढून ठेवली, आणि तरी तो गरम झाला तर तू हसशील का? मिस्त्री तर रडकुंडीला आला. तीस वर्षांच्या धंद्यात सगळ्यात सोपी तपासणी, पोर सुद्धा करेल अशी, आणि ती होईना! गाडीत दोष असेल तर दिसू दे, नसेल तर नसू दे, पण कळू तर दे! उद्या बुधवार.

शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर साहेब, आज रात्री मी गॅरेजात बसतो. बाहेरून कुलूप लावा."

डॉक्टर म्हणाले, "दात काढताना माणसं घाबरतात तेवढे तुम्ही गाडीला घाबरता." पण खुर्ची दिली, थर्मासमध्ये चहा दिला. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी शटर खाली आलं. कुलूप लागलं. मिस्त्री, गाडी, आणि कोपऱ्यात परत आणलेली बॅटरी.

अकरा वीसला बॉनेट इस्त्रीसारखं. साडेबाराला तसंच, जरा कमी. मिस्त्री खुश. म्हणजे निवतंय! कुणी चालू केलं नाही की गाडी निवणारच, हे त्याला मनातून माहीत होतं. पावणेदोनला कोमट. चहा संपला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याने पुन्हा तळहात टेकवला.

गार.

चार दिवसांत पहिल्यांदा गार! मिस्त्री त्या रिकाम्या गॅरेजात मोठ्याने हसला म्हणे. आता बॅटरी जोडायची, किल्ली फिरवायची, दोन सेकंद ऐकायचं. संपलं. बॅटरीकडे वळणार, तेवढ्यात जाणवलं, की सगळं बॉनेट गार आहे, पण हाताखालची जागा...

हाताखालची जागा गरम आहे.

वाटलं, आपलाच हात. उचलला. वीतभर बाजूला ठेवला. पत्रा गार. गार... आणि मग हळूहळू गरम.

पहिल्या जागी परत ठेवला. ती आता गार झालेली.

थांबला.

तिथेही ऊब आली. एकदम सगळी नाही. आधी तळवा. मग एक बोट. मग दुसरं...

पाच.

मिस्त्रीने श्वास रोखून हात अलगद सरकवला. ती ऊबही सरकली. त्याच्या बरोबर. पत्र्याच्या आतून.

मिस्त्री चार दिवस गाडी गार आहे का ते बघत होता.

आतून कुणीतरी मिस्त्री गरम आहे का ते बघत होतं.

...

मग काय झालं? काही नाही झालं. हेच तर! ओरडला नाही. शटरला पाठ लावून उभा राहिला. पिवळा दिवा. गाडी. पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी कुलूप काढलं, तेव्हा तो पाठीवरच रस्त्यात पडला.

सातला मुलगी आली. हातात कागदांची पिशवी, केस नीट विंचरलेले.

"झाली तपासणी? सापडलं काही?"

इथे मिस्त्रीने खोटं बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते, इंजिन वाजतंय म्हणून. पण सांगितलं ना, त्याला जमत नाही.

"इंजिनात काही नाही," तो म्हणाला. "पण घेऊ नकोस."

"बघा! पुन्हा तेच! कारण द्या ना, बाबा! एक कारण!"

"आत... कुणाचा तरी हात आहे."

मग डोळ्यांत पाणी आलं तिच्या. भीतीचं नाही, रागाचं. "चार गाड्यांना टायर, रंग, सीट, तेल. आता काही उरलं नाही तर भूत काढलंत? माझ्यासाठी भूत?"

आणि तिने स्वतःच आत वाकून खटका ओढला. बॉनेट वर केलं.

आतल्या पत्र्यावर धुळीचा आणि तेलाचा काळा थर होता. बॅटरी काढताना मिस्त्रीने तो बघितलेला, सगळीकडे सारखा, काळाकुट्ट. आता त्यात एक जागा पुसली गेली होती. स्वच्छ. चकचकीत.

तळवा. पाच बोटं.

"हे तुम्हीच केलंत," ती म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता. मिस्त्रीचा पंजा सुपासारखा रुंद. हा छोटा होता.

"हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाला.

तिने ऐकलं नाही. कधी ऐकते?

तिची उजवी करंगळी जरा वाकडी आहे. चार वर्षांची असताना गाडीच्या दारात सापडली होती. दार लावलं होतं तिच्या बापाने. घरात त्यावर कुणी कधी बोलत नाही.

तिने तळहात वर नेला. त्या ठशावर ठेवला.

...

बसला.

वाकड्या करंगळीसकट.