डावं पेडल

साध्या सायकलला मोटर बसवून देणं हा मिस्त्रीचा धंदा. ही मोटर चाकात नसते, खाली दोन पेडलांच्या मधोमध असते. आत एक सेन्सर असतो. माणूस पेडल किती जोराने दाबतोय हे तो मोजतो आणि मोटर त्या मानाने हातभार लावते. दाब थांबला की मोटरही थांबते. पथ्य एकच, बटण दाबून मोटर सुरू करताना पेडलवर पाय ठेवायचा नाही. त्या क्षणी पेडलवर जेवढा भार असेल त्यालाच ती शून्य समजते. पाय ठेवून सुरू केली की पायाचं वजन शून्यात जमा होतं आणि मग चढावर कितीही जोर लावा, मोटर ढिम्म हलत नाही.

दुकानात येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका चुकीच्या असत. त्यामुळे सायकल देताना, घेताना, इतकंच काय रस्त्यात कुणी भेटलं तरी मिस्त्री "पाय काढा, मग बटण" एवढं म्हटल्याशिवाय राहत नसे. गल्लीत त्याला 'पायकाढे' असं नावच पडलं होतं. एकदा तर त्या नावाने पार्सल आलं आणि त्याने सही करून ते निमूटपणे घेतलं.

म्हणून त्याची थोरली बहीण सायकल ढकलत दुकानात आली आणि चढावर मोटर दगा देते म्हणाली, तेव्हा मिस्त्रीने कपाळाला हात लावला. घरच्याच माणसाला पथ्य कळू नये म्हणजे कमाल झाली. ताईने त्याला शांतपणे ऐकवलं की ती अजून एवढी म्हातारी झालेली नाही, पाय जमिनीवर ठेवूनच ती बटण दाबते.

ताई टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी उचलून उचलून तिचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून मिस्त्रीने ही मोटर स्वतःच्या हाताने बसवून दिली होती. चढ त्याच्या दुकानासमोरूनच सुरू व्हायचा. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि मधून सिमेंटचे ट्रक. तिथे मध्येच मोटर बसली तर काय होईल, याचा विचार त्याला नको होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. स्वतःचा संसार मांडायचा तिला वेळच मिळाला नाही, आणि तिच्याशिवाय त्याचं या जगात कुणीही नव्हतं.

त्याने मोटर उघडली. ग्रीस स्वच्छ होतं, आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात शाबूत होते, पाण्याचा थेंबही कुठे नव्हता. तरी मनाची समजूत म्हणून त्याने नवीन सेन्सर घातला. दुसऱ्याच दिवशी ताई पुन्हा दारात. या वेळी मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी टेकून गेला होता. हे सांगताना ती हसत होती, पण हँडल सोडत नव्हती.

मिस्त्रीने सायकल स्टँडवर चढवली, मागचा ब्रेक रबरी पट्टीने आवळून बांधला आणि तपासणीचा छोटा स्क्रीन जोडला. मोटरने शून्य काहीही धरलेलं असो, पेडलवर खराखुरा किती किलो भार आहे ते त्यावर दिसतं. ताई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, तो स्वतः दोन हात लांब उभा होता. स्क्रीनवर आकडा आला. अकरा.

त्याने दोन्ही पेडलं काढली. आकडा शून्यावर आला. उजवं लावलं, तरी शून्य. डावं लावलं आणि पुन्हा अकरा. दुसऱ्या सायकलचं डावं पेडल आणून बसवलं, तरी अकराच. पेडलखाली हात धरला तर ते खाली रेटल्यासारखं तळव्याला लागत होतं. त्याच्या हाताखालून आजवर शेकडो मोटरी गेल्या होत्या, पण असला बिघाड त्याने पाहिला नव्हता आणि त्याचा आता चांगलाच पारा चढला होता. चिडला की त्याच्या तोंडून सवयीचं तेच यायचं.

"पाय काढ," तो पुटपुटला.

आकडा शून्य झाला.

बाहेर एक ट्रक गिअर बदलत चढ चढून गेला. मिस्त्रीने मोटर बंद करून पुन्हा सुरू केली. शून्य. कुठेतरी वायर ढिली असणार, त्याच क्षणी बसली असणार, असं तो म्हणाला. ताईने मान डोलावली, पण ती बघत होती डाव्या पेडलकडे. त्या दिवशी सायकल चढ लीलया चढली आणि मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

पण जीव फार काळ भांड्यात राहिला नाही. पुढच्या आठवड्यात ताई आली ती तक्रार घेऊन नव्हे. मोटर छान चालते म्हणाली. रोज सकाळी निघताना आधी सांगते, मग बटण दाबते, की काही त्रास नाही. काय सांगते, हे मिस्त्रीने विचारलं नाही. तिने सायकल स्वतःच स्टँडपाशी नेली आणि आकडा बघायला सांगितला. त्याने नाइलाजाने स्क्रीन जोडला. चौदा आले होते.

"वाढतंय," ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

मग हे दर आठवड्याला सुरू झालं. दवाखान्यात बाळाचं वजन करायला आणावं तशी ती सायकल आणायची आणि किती झालं म्हणून विचारायची. मिस्त्रीने टाळाटाळ करून पाहिली, स्क्रीन बिघडलाय म्हणून सांगून पाहिलं. ती स्टुलावर बसून राहायची. एकदा तो आत हात धुवायला गेला आणि परत येताना त्याला तिचा आवाज ऐकू आला. ती वाकून डाव्या पेडलशी बोलत होती. शब्द कळले नाहीत, पण तो लाडिक, दटावणीचा सूर त्याला ओळखता आला. लहानपणी त्याला ताप आला की ती याच सुरात बोलायची. मिस्त्री ओल्या हातांनी तिथेच थांबला. भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. त्याला चक्क मत्सर वाटला आणि त्याची लाजही वाटली.

सायकल ठेवून जा, असं त्याने तिला सांगितलं, बसने जा म्हणून विनवलं. ताईने ते कानाआड केलं. ती वाळत चालली होती आणि खुशीत होती. शेजारणीकडे जाणं, बाजारात गप्पा मारणं, सगळं तिने सोडून दिलं होतं. आकडा एकोणीस झाला त्या दिवशी तर तिने धुलाईघरातल्या मैत्रिणींना, एखाद्या मुलाचं नाव ठेवायचं झालं तर काय ठेवावं, असं विचारल्याचं त्याच्या कानावर आलं.

तेव्हा मिस्त्रीने ठरवलं की हे बोलणंच बंद पाडायचं. मोटरमध्ये तशी सोय होती. दर वेळी सुरू होताना शून्य शोधायचं नाही, एकदाच कायमचं लिहून टाकायचं. पाय असो नसो, मोटर त्याच शून्यावरून मोजणार. मग रोज सकाळी कुणाला काही सांगायची गरज उरणार नव्हती. सर्व्हिसिंगच्या निमित्ताने त्याने सायकल ठेवून घेतली, पेडलं काढून शून्य लिहिलं, पेडलं पुन्हा घट्ट आवळली. काम चोख झालं. अनेक दिवसांनी तो शीळ वाजवत होता.

सकाळी ताई आली तेव्हा त्याने तिला बोलू दिलं नाही. आता नुसतं बटण दाबायचं आणि निघायचं, असं त्याने बजावलं. ताई हँडल धरून घुटमळली.

"आणि त्याला काय वाटेल?" तिने विचारलं.

"ताई, उशीर होतोय. नीघ."

तिने बटण दाबलं आणि निघाली. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. सायकल चढाला लागली, अजिबात न अडखळता. तो आत वळणार एवढ्यात त्याला वाटलं की ती फार जोरात चाललीय. ताईने दोन्ही पाय पेडलांवरून उचलून बाजूला धरले होते. खाली पेडलं फिरत होती.

मग त्याच्या ध्यानात आलं. आजवर तो भार मोटरने शून्यात गिळला होता. आता शून्य कायमचं ठरलं होतं, म्हणजे पेडलवर जे काही होतं त्याचा दाब मोटरला खराखुरा दाब म्हणूनच कळत होता. त्याला पाय काढायला आज कुणीच सांगितलं नव्हतं.

मिस्त्री धावत सुटला.

चढाच्या माथ्यावर चौक होता. भिंतीमुळे डावीकडचा ट्रक अगदी समोर येईपर्यंत दिसत नसे. ताईने दोन्ही ब्रेक दाबलेले त्याला दिसत होते. ब्रेक दाबताच मोटर बंद पाडणारं स्विच त्याने बसवलंच नव्हतं. दाब थांबला की मोटर थांबतेच, मग कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. ब्रेक किंचाळत होते आणि सायकल पुढे जात होती.

भिंतीपलीकडून इंजिनाची घरघर आली.

होता नव्हता तेवढा जोर घशात आणून तो ओरडला.

"पाय काढ!"

पेडलं थांबली.

सायकल जागच्या जागी उभी राहिली. ट्रक तिच्या पुढच्या चाकासमोरून धुरळा उडवत निघून गेला.

मिस्त्री वर पोचला तेव्हा ताई सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. कुठे खरचटलंदेखील नव्हतं. त्याने तिचा खांदा धरला, लागलं का म्हणून विचारलं. त्याला रडू येत होतं.

"केवढ्यांदा ओरडलास," ताई म्हणाली.

"मग काय करायला हवं होतं मी?"

"त्याच्यावर आजपर्यंत कुणी आवाज चढवला नव्हता." ती मिस्त्रीकडे बघत नव्हती.

सायकल आजपासून दुकानातच राहील, असं तो धीर करून म्हणाला. वाद होईल असं त्याला वाटलं होतं, पण ताईने लगेच हँडल त्याच्या हातात दिलं. नको मला ती, म्हणाली, आम्ही चालत जाऊ. पिशवी उजव्या खांद्याला अडकवली आणि ती निघाली.

मिस्त्रीने सायकल वळवली. डावं पेडल बोटाने फिरवून पाहिलं. ते सैल, मोकळं फिरत राहिलं. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि त्याने मान वर केली.

ताई चौकाच्या कडेशी पोचली होती. नेहमी झपाझप चालणारी ताई तोकडी पावलं टाकत होती. डावा हात तिने अंगापासून जरा लांब, खाली धरला होता, बोटं मिटून. रस्ता ओलांडण्याआधी ती थांबली, त्या हाताच्या बाजूला वाकून काहीतरी बोलली, आणि मग तिने दोन्हीकडे नीट पाहिलं.