तिला सांग

“त्या बाईला सांग, मना पानी पायजे!”

पुतळाबाईंनी हे सांगितलं ते सलाईनच्या स्टँडला! खोलीत दुसरं कुणी नव्हतंच... होती ती फक्त सून, सुचिता. आणि सुनेशी त्या लग्नापासून एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या. शिरवण्याच्या आगरी घरात कुंदनने नेरूळच्या फ्लॅटमधली मालवणी मुलगी आणली, तेव्हापासून सासूचं सगळं बोलणं कुंदनमार्फत चालायचं आणि तो न्हावा शेव्याच्या बंदरात ड्युटीवर गेला की भिंतीमार्फत!

सुचिताने ओला कापूस त्या सुकलेल्या ओठांवरून फिरवला. तिचेच डोळे भरून आले. आतड्याला पीळ पडला म्हणून तातडीने पोट उघडावं लागलं होतं आणि सत्तरी उलटलेल्या त्या देहाचं आतडं अजून जागं झालं नव्हतं. वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तहानेल्या जिवाला पाणी नाकारायचं... हे कसलं पाप देवाने आपल्याच पदरात टाकलं!

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा कुंदनही उशाशी होता.

“आजी, गॅस पास झाला का?”

पुतळाबाईंनी चादर तोंडावर ओढली. पोटच्या लेकासमोर असलं काही बोलायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

“झाला, झाला!”

सुचिता चमकली. पोट तर अजून नगाऱ्यासारखं टम्म होतं! “डॉक्टर, मला नाही वाटत...”

“तिला सांग, माजे पोटान डोका घालू नको!”

डॉक्टर हसले. आता चमचा-चमचा पाणी द्या, मग बघू, असं सांगून गेले. पण लेकाची माया ती! आईची तहान बघवेना म्हणून कुंदनने घरून आणलेल्या डब्यातली तांदळाची पेज पेला भरून तिच्या ओठांना लावली.

“अहो, नको... फक्त पाणी सांगितलंय!”

“गप ग! दोन घोट पेजेनं काय होनार हाय?”

काय होणार होतं ते थोड्याच वेळात झालं. मोठी उलटी झाली, ती छातीत उतरली आणि पुतळाबाईंचे ओठ निळे पडले. आयसीयूकडे नेताना स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं आणि तिथेच कुंदनचा बांध फुटला.

“दिवसभर तू हितं बसतेस, तुला कललं नाय पोट कसं हाय ते? माज्या आयेला काय झाला तर...”

आई खोटं बोलल्या! एवढंच म्हटलं असतं तर सुचिता सुटली असती. पण त्या माउलीने जिवापेक्षा जपलेली लाज अशी चारचौघांत उघडी पाडायची?

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

स्ट्रेचरवरचे अर्धवट मिटलेले डोळे तिच्याकडे बघत होते.

मग नाकात नळी, तोंडावर मास्क... डॉक्टर म्हणाले, या वयात काही सांगता येत नाही, आतडं हललं तर आशा. सुचिता नुसती बसून राहिली. काय करणार होती दुसरं? हात जोडून गावदेवीला विनवत होती. एवढ्याशा वाऱ्यासाठी कुणी देवीला साकडं घातलं असेल का!

एका दुपारी पुतळाबाईंनी तिची ओढणी ओढली. मास्क किंचित सरकला.

“सुचिता... ऐक गो...”

सवयीने सुचिताने स्टँडकडे पाहिलं.

“त्याला नाय गो! तुला सांगते.” म्हाताऱ्या गालांवर लाज चढली. “वारा सरला.”

सुचिताला हसू फुटलं आणि हसता हसता ती हुंदके देऊन रडू लागली. नर्स धावत आली.

“आन कुंदनला सांग,” पुतळाबाईंचा श्वास अडखळत होता, “खोटा मी बोलले व्हते...”

“नाही सांगणार, आई!”

सुचिताने त्यांची चादर नीट केली. मग पुतळाबाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“पानी देशील?”

“डॉक्टरांना विचारून येते.”

“ये विचारून. तू येशील तवर मी थांबते.”