वेळ संपली, माइक बंद!

अगं, आधी ऐक तर, प्रश्न नंतर!

ती हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. नगरसभेच्या टेबलांवरची धुतलेली कापडं पोचवायला गेली, तर सभागृह रिकामं. समोर माइक! घर चालेल एवढा पगार सगळ्यांना द्यावाच लागेल, असा कायदा व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी तिला तिथेच बोलायचं होतं. म्हटलं, करून बघावं...

"सदस्यहो, दिवसभर राबूनही आमची चूल —"

"जरा जवळ या," वरून आवाज आला. "माइकच्या म्हणतोय मी!"

काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावलेला तो. ही लालेलाल!

"चोरून ऐकता होय?"

"ऐकायचाच पगार आहे मला. तोही तुमच्यासारखाच... पुरत नाही."

मग काय, भाषण पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं त्याने. "घाबरलीस की माझ्याकडे बघ," म्हणाला. अहोचं अगं कधी झालं, कळलंच नाही! "पण वेळ संपली की माइक बंद करावा लागतो हं. नाहीतर कंत्राटदार मलाच बंद करेल."

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच. ही उभी राहिली आणि आईच्या औषधांपाशी येऊन अडखळली. वर बघितलं. तो मान हलवत होता... बोल, बोल ना... ती बोलायला लागली, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "वेळ संपली."

आणि त्याने बंद केला गं माइक!

"पुढे कोण बोलणार?" अध्यक्षांनी विचारलं.

जिन्यावर धडधड पावलं. तोच!

"मी. आणि माझी वेळ मी यांना देतो. तसा नियम आहे, साहेब."

"अहो, मग वर मशीनवर कोण?"

"कोणी नाही. माइक चालू करून आलोय."

हशा पिकला नुसता! आणि मग ती जे बोलली... कुणाची पापणी लवली नाही. कायदा झाला. काठावर, पण झाला!

त्याला मात्र कंत्राटदाराने दारातच नारळ दिला. हा पायरीवर बसून शर्टाचं बटण उगाच फिरवतोय.

"आमच्या लाँड्रीत माणूस हवाय," ती हळूच म्हणाली. "पगार आता बरा मिळेल."

"शेजारी कोण असेल?"

"वाफ सोसवत असेल तर... मी."

"आणि लाँड्री सुटल्यावर?" त्याने हात पुढे केला.

मागून अख्खी लाँड्री पायऱ्या उतरत होती, हिची आईसुद्धा! आणि ही बया... धरला ना हात, सगळ्यांदेखत!

आता सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?