ही कोण झोपलीय?

ओळख झाली ती अशी, की कुणाला सांगायचीही चोरी. फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर चित्रकलेची टीचर बसली होती. आत तिच्या बाबांच्या लुळ्या हाताला व्यायाम चालला होता. शेजारी बसलेल्या चष्मेवाल्याने दोन चहा आणले, एक तिच्यापुढे केला. दमलेल्या बाईने काय करावं? कप घेतला, फुंकर मारली, त्याच्या हनुवटीखाली रुमाल धरला आणि कप थेट त्याच्याच ओठांना लावला. रोजची सवय, दुसरं काय!

तो बापडा मुकाट्याने प्यायला.

"अय्या... सॉरी. सवयीने हो—"

"राहू द्या. मी रोज आईला पाजतो. मला कुणी पाजेल असं वाटलं नव्हतं."

त्याची आई तिथे गुडघ्यांच्या व्यायामाला यायची; तिला काही लक्षात राहत नसे. मग काय, दर आठवड्याला दोघांच्या गप्पा रंगू लागल्या.

एकदा मात्र ती आलीच रडवेली. "एक सांगू? ऐकून उठून जाल."

"आईला सोडून कुठे जाणार? बोला."

"सकाळी बाबांवर ओरडले. आणि मनात आलं... सुटू दे आता एकदाचं. ते की मी, देव जाणे."

तो उठला नाही. "माझ्याही मनात येतं. परवाच आलं, आईचे केस विंचरताना."

ती थक्क झाली. इतक्या गुणी माणसालाही असं वाटतं? म्हणजे आपण वाईट नाही. फक्त दमलोय. तिला मोकळं मोकळं वाटलं.

"रविवारी बाबांना घेऊन घरी या," तो म्हणाला. "दोघांना मी बघतो. तुम्ही झोपा."

"लोक काय म्हणतील? परक्या घरी झोपायला गेली?"

"परकं... म्हणायलाच हवं का?"

रविवारी ती दिवाणावर अशी झोपली, की विचारू नका. जाग आली ती बोलण्याने. डोळे तिने मिटलेलेच ठेवले.

"अरे, ही कोण झोपलीय?" त्याची आई विचारत होती.

"ही मला आवडते, आई."

"हो का? छान आहे." जरा वेळाने पुन्हा, "अरे, ही कोण झोपलीय?"

"ही मला फार आवडते, आई."

ना कंटाळा, ना घाई. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. खुर्चीतून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी हसले ते!

पुन्हा तोच प्रश्न आला. त्याने तोंड उघडायच्या आत टीचर डोळे मिटूनच म्हणाली, "काकू, मलाही तो आवडतो."

"मग त्याला सांग गं," आई म्हणाली. "बिचाऱ्याला माहीतच नसेल."