अडुसष्ट किलो

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने कधी जुनी होडी विकत घेतलेली नसते. मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं त्याने लोकांच्या होड्यांची इंजिनं उघडली होती आणि 'हातही लावला नाही हो कोणी' म्हणणाऱ्या मालकांना त्याच इंजिनातला गाळ ओंजळीत काढून दाखवला होता. त्यामुळे स्वतःसाठी होडी बघायला निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत टॉर्च, पेचकस, हातोडी आणि पोलादी फूटपट्टी होती, आणि सोबत धाकटा भाऊ.

धाकटा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. अंगाने काटकुळा, तोंड मात्र अखंड चालू. त्याला तिथून सोडवून आपल्याबरोबर समुद्रावर न्यायचं, हे खूळ मिस्त्रीच्याच डोक्यातलं. धाकट्याच्या बायकोला ते अजिबात पसंत नव्हतं. जेवायला वाढता वाढता तिने सरळ सांगितलं, "दादा, हे निघालेत ते तुमच्या शब्दावर. पोहणं यांना यथातथाच येतं."

"माझ्या नजरेसमोर असेल तो. बुडू देणार नाही त्याला. झालं?"

"झालं," ती म्हणाली, पण तिचा चेहरा काही सुटला नाही.

होडी धक्क्याच्या पार टोकाला बांधलेली होती. वीस फुटी, लाकडी, मधोमध एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे दोन्ही कडांना बसायच्या फळ्या. मालक उंच, थोडा वाकलेला, बोलायला महाग. मिस्त्रीने तासभर होडीची उलटतपासणी घेतली. बाहेरून हातोडी ठोकत गेला. आवाज सगळीकडे खणखणीत. आतल्या लाकडात पेचकस खुपसून पाहिला, टोक शिरेना. तळाशी थेंबभर पाणी नव्हतं. खोट काढायची म्हटलं तर एकच: मागची उजवी फळी हातभर ओली होती. वर ऊन मी म्हणत होतं आणि बाकी होडीला हात लावला तर चटका बसत होता.

"शिंतोडे उडतात," मालक धक्क्यावरूनच म्हणाला. तो होडीत उतरला नव्हता. कंबर धरलीय म्हणाला.

"एवढी खणखणीत वस्तू विकताय का?" धाकट्याने विचारलं.

"माझ्याकडे आता माणूस उरला नाही." मग जरा थांबून, "तुम्ही किती जण जाणार?"

"आम्ही दोघंच की."

मालकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पडून ठेवू नका हिला," तो म्हणाला. "पडून राहिली की दोन वर्षांत तळाला जाते. रंग, फटींतला कापूस, सगळं वेळच्या वेळी करा. बुडू देऊ नका." लेकीला सासरी धाडताना बाप बोलतो तसं ते बोलणं होतं. परतीच्या वाटेवर धाकट्याने त्याची हुबेहूब नक्कल केली आणि मिस्त्रीही पोट धरून हसला.

पहिल्याच आठवड्यात दोघांनी होडी किनाऱ्यावर ओढून ठोकळ्यांवर चढवली. तळाचा रंग लाल, वरचा निळा. दोन रंगांच्या मधली रेघ म्हणजे पाण्याची रेघ. रिकामी होडी तिथवर पाण्यात बसते. मिस्त्रीने दोन्ही टोकांना दोरा ताणला, पाणसळ धरली आणि बुडबुडा मधोमध आल्यावर नुसता बघतच राहिला. रेघ वाकडी होती. डाव्या बाजूला ठीक, पण उजवीकडे मागे दोन सेंटिमीटर वर चढलेली.

"रंगारी टाइट असणार," धाकटा म्हणाला.

रंग खरवडला तसा उजवीकडच्या लालखालून निळा निघाला, आणि त्याच्याखाली आणखी एक रेघ, जुनी, दोऱ्याला दोरा सरळ. कोणीतरी चांगली रेघ मुद्दाम वाकडी केली होती. मिस्त्रीने तोंड वाकडं केलं, आधीच्या रंगाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली आणि नवी रेघ जुनीवरच सरळ मारली.

होडी पाण्यात गेली आणि उजवीकडे कलली. मिस्त्री कंबरभर पाण्यात उतरून फूटपट्टी लावून आला. उजवीकडे मागे दोन सेंटिमीटर. पाणी बरोबर तिथे टेकलं होतं जिथे ती वाकडी रेघ होती. रंगारी टाइट नव्हता तर. होडी पाण्यात जशी बसत होती तशीच त्याने रेघ काढली होती, म्हणजे घेणाऱ्याला कल दिसू नये.

चार दिवस मिस्त्रीने डोकं फोडून घेतलं. जाळी, बर्फाची पेटी, डिझेलचे डबे, नांगर, सगळं बाहेर काढलं. कल तसाच. लाकूड पाणी प्यायलं असेल म्हणून ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, लाकूड कोरडं. तळाच्या फळ्या उचकटून पाहिल्या. खाली काही नाही. शेवटी त्याने डावीकडे वजन टाकायला सुरुवात केली. एका इंजिनाचं जुनं लोखंडी फ्लायव्हील, वाळूची एक गोणी, मग दुसरी. होडी सरळ झाली. पाणसळ त्याने इंजिनाच्या झाकणाशेजारी पक्की ठोकून टाकली. मासळीच्या काट्यावर त्या सगळ्याचं वजन करून आणलं ते त्याच्या सवयीने. अडुसष्ट किलो.

"म्हणजे एक अख्खा माणूस फुकटात फिरतोय की आपल्याबरोबर," धाकटा म्हणाला.

"मापात बसतं ते खरं," मिस्त्री म्हणाला. "सरळ झाली ना? मग विषय संपला."

विषय संपला खरा, पण धाकट्याला चघळायला एक नवी गोष्ट मिळाली. उजव्या फळीवरची ओल कधीच वाळत नव्हती, आणि त्या जागेला त्याने पाहुण्याची जागा असं नाव दिलं. जाळं ओढताना तो म्हणायचा, "पाहुणे, पाय उचला." डबा उघडला की म्हणायचा, "पाहुण्यांना विचार रे दादा, जेवून आलेत का." मासळी बरी मिळत होती. धाकट्याचा कारखान्यातला खोकलाही पळाला होता. त्याची बायको आता मिस्त्रीशी हसून बोलायची. ते दोन महिने मिस्त्री खरोखर सुखात होता.

मग धाकट्याची थट्टा बंद झाली. एकदम नाही, डब्यातला घास कमी होत जावा तशी. मिस्त्रीने विचारलं तर म्हणाला, "उद्या जरा लवकर चल. धक्क्यावर उभं राहू."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोघं धक्क्यावर उभे राहिले. पाणी संथ होतं. रिकामी होडी डावीकडे कलली होती. उजवीकडे काहीच नसेल आणि डावीकडे अडुसष्ट किलो असतील, तर कलावी तेवढीच.

"आता बघ," धाकटा म्हणाला.

होडीची उजवी कड खाली गेली. धक्क्यावरून कोणी पाय टाकावा आणि दुसरा टाकण्याआधी तोल सावरावा, तशी दोन टप्प्यांत. दोरी कुरकुरली. मग होडी सरळ झाली आणि सरळच राहिली.

"रोज येतो तो," धाकटा म्हणाला. "आपण आलो की येतो. दादा, ते लोखंड काढू या."

"लोखंडाचा काय संबंध?"

"अरे, आत्ता पाहिलंस ना? तो नसला की होडी डावीकडे पडते. किनाऱ्यावर ठीक आहे. आत समुद्रात तो उठला तर?"

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला होता. पण बावीस वर्षं जे हात मापावर चालले, त्यांना एका सकाळीत दुसरं काही शिकवता येत नाही. "ओहोटीचा ओढा असतो, दोरीचा ताण असतो," तो म्हणाला. "लोखंड काढलं तर उजवीकडे कलून चालवायची का? शहाणाच आहेस. चल, इंजिन गरम होऊ दे." धाकट्याने जाळं उचललं आणि मोठ्या भावाच्या मागून होडीत उतरला.

त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी. वारा पडला होता. धाकटा डाव्या कडेला ओणवा होऊन जाळं ओढत होता, मिस्त्री इंजिनापाशी उजवीकडे रेलून तोल धरून होता. पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता.

फळीवर ओल्या पावलाचा आवाज झाला. उजवीकडे, मागे.

मग दुसऱ्या पावलाचा.

इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर पाण्याचे थेंब पडून चुर्र झालं. ते झाकण मिस्त्रीच्या अगदी पुढ्यात होतं. तो कोरडा होता.

धाकट्याने मान वळवली. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं नाही. मिस्त्रीच्या शेजारी पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "लोखंड."

बुडबुडा नळीच्या उजव्या टोकाला जाऊन आदळला.

डावी कड पाण्याखाली गेली. फ्लायव्हील घरंगळत आलं ते धाकट्याच्या पायांवरून, आणि लोखंड, जाळं आणि धाकटा एकदमच गेले. मिस्त्रीचा खांदा झाकणावर आपटून निखळला. तो सरपटत कडेपर्यंत पोहोचला तेव्हा जाळ्याची शेवटची पांढरी तरंगणी खाली जात होती.

मग होडी सरळ झाली. आपणहून.

तीन दिवस वीस होड्या शोधत होत्या. जाळं मिळालं, तेही रिकामं. धाकट्याची बायको धक्क्यावर आली, मिस्त्रीच्या झोळीत बांधलेल्या हाताकडे पाहत उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, बुडू देणार नाही." मिस्त्रीला वाटलं, त्या जाळ्याबरोबर आपण गेलो असतो तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं.

पंधरा दिवसांनी तो होडीत उतरला. राहिलेल्या दोन्ही गोण्या एका हाताने ओढून धक्क्यावर टाकल्या. आता होडी एक तर उजवीकडे कलायला हवी होती, नाहीतर हलकी होऊन वर यायला हवी होती. तो धक्क्यावर चढून थांबला, बराच वेळ थांबला. मग पाण्यात उतरून फूटपट्टी लावली. उजवीकडे रेघ दोन सेंटिमीटर पाण्याखाली. डावीकडे दोन सेंटिमीटर पाण्याखाली. त्याने तीनदा मोजलं. होडी रिकामी होती आणि दगडी ओट्यासारखी सरळ होती.

उजवी फळी ओली होती. डावीही ओली होती.

मिस्त्री दोन फळ्यांच्या मध्ये तळाशी बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला.

त्याने कुऱ्हाड आणली होती. होडी फोडायची, जाळायची, हे ठरवूनच तो आला होता. कुऱ्हाड उचलली आणि मनात आलं, होडीच राहिली नाही तर धाकटा बसणार कुठे? कुऱ्हाड त्याने घरी परत नेली.

वर्षभर त्याने एकट्याने होडी सांभाळली. फटींत कापूस भरला, तळ खरवडला. पण निखळलेला खांदा पुन्हा धड बसला नव्हता. हात खांद्याच्या वर जाईना, आणि त्या होडीवर पाय ठेवायला कोणी माणूस तयार होईना. पुढच्या पावसाळ्यात तळाशी पहिल्यांदा पाणी दिसलं. वीतभर. ते त्याने डब्याने उपसलं आणि त्या क्षणी त्याला तो उंच, वाकलेला माणूस कळला. पडून राहिली की दोन वर्षांत तळाला जाते. बुडू देऊ नका.

दुसऱ्याच्या घरात आपण निखारा ठेवतोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. तरी त्याने गडी लावून होडी ठोकळ्यांवर चढवली, दोरा ताणला, पाणसळ धरली आणि ज्या हाताने आयुष्यभर लोकांची लबाडी उघडी पाडली होती त्याच हाताने लाल रंग सगळीकडून दोन सेंटिमीटर वर चढवला. रेघ सुंदर आली. दोऱ्याला दोरा.

गिऱ्हाईक आलं ते एक ट्रकवाला आणि त्याचा जावई. ट्रकवाल्याने मोबाइल इंजिनाच्या झाकणावर ठेवून त्यातली पाणसळ पाहिली आणि जिभेने टक केलं. "एकदम काट्यावर! अहो, आमचा ट्रकसुद्धा एवढा सरळ उभा राहत नाही. विकताय का ही?"

"माझ्याकडे आता माणूस उरला नाही," मिस्त्री धक्क्यावरून म्हणाला. खांद्यामुळे तो उतरला नव्हता. "तुम्ही किती जण जाणार?"

"मी आणि हे आमचे जावईबापू. यांना पोहता येत नाही, पण सासऱ्याला नाही म्हणता येत नाही!"

जावई हसला. हसतहसतच तो मागे गेला आणि डाव्या फळीवर टेकायला वाकला.

"तिथे नको!" मिस्त्री ओरडला.

"का हो?"

मिस्त्रीने ओठांवरून जीभ फिरवली. सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. धाकट्याची बायको त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि डब्याने उपसलेलं ते वीतभर पाणी.

"रंग ओला आहे," तो म्हणाला.

जावयाने फळीवरून हात फिरवला. बोटं ओली झाली, पण निळी झाली नाहीत. त्याच्या ते लक्षात आलं नाही. हात पँटला पुसून तो मिस्त्रीला म्हणाला, "वाळेल हो, दोन दिवसांत."